ताज उलटं बांधलं गेलं का? आधी वारा कुठून येतो ते पाहू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईबाबांना घेऊन तुम्ही घारापुरीला गेला होतात. परतताना लाँचमध्ये शेजारी बसलेल्या माणसाने समोरचं ताज दाखवून सांगितलं, की हे हॉटेल उलटं बांधलं गेलंय. नकाशा विलायतेहून आला, इथल्या कंत्राटदाराने तो उलटा धरला, आर्किटेक्ट बोटीतून येताना पाहतो तर आपल्या इमारतीची पाठ समुद्राकडे, मग त्याने वरून उडी मारून जीव दिला. बाबांना ते पटलं, आईंना नाही. यात खरं किती, असं तुम्ही विचारलंय. शिवाय त्यांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला तिथे एक रात्र राहायचं ठरतंय, तर समुद्राकडची खोली घ्यावी का आणि आत गेल्यावर काय पाहावं, हेही.

आईंचं बरोबर आहे. कुणी नकाशा फिरवला नाही आणि कुणी उडी मारली नाही. बंदराकडून दिसणारी, आज आपण जिला समोरची म्हणतो ती बाजू मुळात मागची होती, एवढाच त्या गोष्टीतला खरा भाग. ती मागची का ठेवली, याचं उत्तर त्या गोष्टीपेक्षा कितीतरी सुंदर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचं काम गेली सत्तावीस वर्षं करते आहे, त्यातलं बहुतेक फोर्ट आणि कुलाब्यात. ताजवर मी काम केलेलं नाही. पण त्याच्या दहावीस वर्षं आगेमागे उभ्या राहिलेल्या इमारतींची जोती मी उकरून पाहिली आहेत, माळ्यांवर चढले आहे, बुजवून टाकलेले झरोके पुन्हा उघडले आहेत. त्या काळचा माणूस कागदावर पहिली रेघ ओढताना कशाचा विचार करत असे, हे अशा कामातून हळूहळू कळत जातं.

आधी माणसांबद्दल. हा नकाशा विलायतेहून आलाच नव्हता. जमशेटजी टाटांनी हॉटेलचं काम दिलं ते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या मुंबईतल्याच दोघांना. वैद्य हे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या इंग्रज आर्किटेक्टच्या हाताखाली तयार झालेले. बोरीबंदरचं व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, उभं राहत होतं तेव्हा तिथे साहाय्यक अभियंता म्हणून ते होते. ज्याने ती इमारत पायापासून घुमटापर्यंत चढताना पाहिली, तो हॉटेलचं तोंड कुठे आणि पाठ कुठे हे विसरेल का? ताजचं काम मात्र वैद्यांच्या हातून पुरं झालं नाही. ते डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने तडीस नेलं. बांधकाम खानसाहेब सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांचं. मधला प्रसिद्ध तरंगता जिनाही त्यांचाच. काढणारे, बांधणारे, पैसे घालणारे सगळे मुंबईत होते. १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडलं आणि जमशेटजी त्यानंतर पाच महिन्यांनी, १९ मे १९०४ रोजी जर्मनीत वारले. हे हॉटेल त्यांनी उघडलेलं पाहिलं. सुमारे अडीच लाख पौंड खर्चून उभारलेल्या आपल्या वास्तूची दिशा चुकली आहे हे त्यांना सगळ्या वर्षांत एकदाही कळलं नसेल, असं मानणं म्हणजे त्या माणसाला ओळखलंच नाही असं म्हणायला हवं.

दुसरं, साइटवरचं. इमारतीची आखणी कशी होते हे ज्याने पाहिलंय त्याला ही गोष्ट पहिल्याच वाक्यात अडते. खुंट्या ठोकतात, सूत धरतात, कर्ण मोजून काटकोन जुळवतात, चुन्याची फक्की मारतात, मग खोदाई. त्या चौकटीच्या एका अंगाला बंदराचं पाणी दिसतंय आणि दुसऱ्या अंगाला कुलाब्याची वस्ती. पाया भरायला महिने जातात, जोतं यायला आणखी. इतका काळ गवंड्यापासून मालकापर्यंत सगळे रोज त्याच जागी उभे आहेत. भिंत ओळंब्यातून अर्धा इंच सुटली तरी मुकादम आरडाओरडा करतो. अख्खी इमारत फिरली आणि कुणी बोललं नाही, असं होत नाही.

आणि मुळात ही गोष्ट मुंबईची नाहीच. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहरात केल्विनग्रोव्ह नावाचं संग्रहालय आहे, १९०१ साली उघडलेलं. तिथेही हुबेहूब हीच कथा सांगतात: इमारत उलटी बांधली गेली, आर्किटेक्टने मनोऱ्यावरून उडी मारली. तीही खोटी. त्या इमारतीचं मुख्य दार ठरवूनच उद्यानाकडे ठेवलेलं आहे. एकाच सुमाराच्या दोन इमारती, दोन खंडांत, आणि दंतकथा एकच. लोकांना ज्या बाजूने इमारत पाहायची सवय लागते तिथे दार नसलं, की मनाला खटकतं आणि त्या खटकण्यातून गोष्ट जन्माला येते. ग्लासगोतला किस्सा तिथल्या लोकांनी हौसेने सांगावा, माझी तक्रार नाही. मुंबईतल्या किश्शाचं मला वाईट वाटतं, कारण त्यात सीताराम खंडेराव वैद्य हे नाव पार पुसलं जातं आणि त्या जागी एक बिननावाचा, बिचारा परदेशी आर्किटेक्ट येऊन बसतो. एका मराठी माणसाने शंभर टक्के विचार करून घेतलेला निर्णय आपण सव्वाशे वर्षं 'घोटाळा' म्हणून सांगत आलो आहोत.

आता वाऱ्याकडे येते. खरं उत्तर इथे आहे.

गेटवेला उभं राहिलं की समोर पाणी दिसतं, म्हणून वाटतं की समुद्रावरचा वारा समोरूनच येत असणार. मुंबईत तसं नाही. गेटवेसमोर आहे ते बंदर, आणि ते शहराच्या पूर्वेला आहे. अरबी समुद्र पाठीमागे, पश्चिमेला. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ते आठवा. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून खारा वारा जमिनीकडे येतो. तो येतो मरीन ड्राइव्हसमोरच्या बॅकबेच्या बाजूने, म्हणजे ताजच्या पाठीकडून. मतलई वारा रात्री आणि पहाटे, जमिनीकडून समुद्राकडे. ताजच्या बाबतीत तो बंदरावरून येतो, पण फार हलका, आणि जाणवतो तो बहुधा थंडीच्या दिवसांत. ज्या उकाड्यात माणूस वाऱ्यासाठी तडफडतो, त्या एप्रिल-मेच्या दुपारी वारा पश्चिमेचा असतो.

म्हणजे वैद्यांपुढे प्रश्न असा होता: देखावा पूर्वेला, वारा पश्चिमेला. हॉटेलला दोन्ही हवेत. १९०३ साल लक्षात घ्या. वातानुकूलन नाही. विजेचे पंखे अमेरिकेहून आणवले होते खरे, पण पंखा खोलीतलीच हवा फिरवतो, ती बदलत नाही. त्या दमट हवेत भिंती, गाद्या, कपडे, सगळ्याला वाहता वारा लागतोच.

त्यांनी काढलेला नकाशा इंग्रजी 'यू' अक्षरासारखा आहे. लांब पाठ बंदराला समांतर, दोन्ही बाजूंचे हात शहराकडे, म्हणजे पश्चिमेकडे पसरलेले, मध्ये चौक. ओंजळ पुढे धरावी तसा हा चौक पश्चिमेच्या वाऱ्यापुढे धरलेला आहे. वारा दोन हातांच्या मध्ये शिरतो, पुढे लांब इमारत आडवी येते, मग तिथे त्याचा दाब वाढतो. इमारतीच्या पलीकडे, बंदराच्या अंगाला, दाब कमी असतो. खिडक्या, दारं आणि दारांवरच्या झडपा उघड्या असल्या तर हवा आपोआप इमारतीतून आरपार जाते, चौकाकडून बंदराकडे. त्या काळच्या चांगल्या इमारतींत दारावर झडप असतेच. आपण आज ती काच लावून बंद करतो, वर पडदा टाकतो आणि मग खोली कुबट होते म्हणून तक्रार करतो.

आता इमारत 'सरळ' बांधली असती तर काय झालं असतं तेही पाहू. चौक बंदराकडे उघडला असता, लांब पाठ शहराकडे गेली असती. म्हणजे सर्वांत जास्त खोल्यांना देखावा मिळाला असता तो कुलाब्याच्या गल्ल्यांचा, आणि दोन्ही हातांतल्या आतल्या खोल्या समोरासमोरच्या खिडक्यांत डोकावत बसल्या असत्या. पश्चिमेचा वारा बंद पाठीवर आपटून बाजूने निघून गेला असता आणि चौकातली हवा साचली असती. हॉटेल बंदराकाठी बांधायचं आणि बंदर कमीत कमी पाहुण्यांना दाखवायचं, हे कोणता मालक मान्य करेल?

उन्हाचाही हिशेब त्यात आहे. पूर्वेची बाजू सकाळी तापते, पण सकाळचं ऊन सोसतं. दुपार कलली की बंदराकडची भिंत सावलीत जाते, आणि दिवसभर तापलेला दगड रात्री खोलीत उष्णता सोडतो तो त्रास तिथे कमी होतो. कधी मे महिन्यात दुपारी चारनंतर ताजसमोरच्या कठड्याशी जाऊन उभे राहा. इमारतीची सावली फुटपाथवर पडलेली असते आणि लोक तिथेच गर्दी करून बसलेले असतात. मी विद्यार्थ्यांना नेते तेव्हा आधी काही सांगत नाही. नुसतं तिथे दहा मिनिटं थांबायला लावते, मग वळसा घालून मागच्या रस्त्याला नेते आणि तोंडावर येणारा वारा अनुभवायला सांगते. नकाशा मग समजावून द्यावा लागत नाही.

पावसाचं जरा वेगळं. नैऋत्येचा पाऊस मुंबईत तिरका येतो आणि पश्चिम-दक्षिणेच्या भिंती झोडपतो. मुख्य खोल्यांची बंदराकडची भिंत त्याच्या थेट माऱ्यातून वाचते. मुंबईचं बंदर पूर्वेला आहे तेही याच कारणाने: बेटाच्या आडोशाला पाणी शांत असतं. एक अपवाद सांगायला हवा. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेकडून उत्तरेला गेलं, तेव्हा वादळाच्या फिरण्यामुळे इथे वारा दक्षिण-आग्नेयेचा झाला आणि लाटा थेट बंदराच्या बाजूने आल्या. गेटवेजवळच्या समुद्राच्या भिंतीचं आणि कठड्याचं नुकसान झालं, दगड उखडून वर फरसबंदीवर येऊन पडले. आडोसा कायमचा नसतो, वारा फिरला की बाजू फिरते.

मग दार शहराकडे का, याचं उत्तर सोपं आहे. पाहुणा शहरातून येत होता. घोडागाडी कुलाब्याच्या रस्त्याने यायची. बोरीबंदर तिकडेच, शिवाय बॉम्बे बडोदा रेल्वेचं शेवटचं स्टेशन तेव्हा कुलाब्यालाच होतं, १९३० अखेरीपर्यंत. गाडी बागेतून वळून पोर्चपाशी थांबायची. आज तिथे पोहण्याचा तलाव आहे.

आणि बंदराच्या बाजूला तेव्हा होतं काय? गेटवे ऑफ इंडिया नव्हता. त्याची पायाभरणीही बरीच नंतरची. तो ज्या जमिनीवर उभा आहे ती जमीन आणि समोरची समुद्राची भिंत १९१५ ते १९१९ या काळात भर घालून झाली. जॉर्ज विटेटने आखलेल्या त्या कमानीचं उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ रोजी, म्हणजे ताज उघडल्यावर एकवीस वर्षांनी. १९०३ मध्ये अपोलो बंदर हा धक्का होता. आज जिथे लाखो लोक ताजकडे तोंड करून फोटो काढतात, तशी फरसबंदी, तशी मोकळी जागा तिथे नव्हतीच. कमान आली, फिरायला जागा झाली, आणि मग हळूहळू सगळ्या मुंबईला ताज पाहायची सवय बंदराच्या बाजूने लागली. पुढे दारही तिकडेच आलं. इमारत आहे तिथेच राहिली, तिच्यापुढे दुसरं शहर तयार झालं. त्यात १९७३ साली शेजारी, जुन्या ग्रीन्स हॉटेलच्या जागेवर, उंच टॉवर उभा राहिला आणि येण्याजाण्याचा सगळा ओघ दोन इमारतींच्या सांध्याशी गेला. खिडक्या बंद करून यंत्राने हवा थंड करायची पद्धत रुळली तेव्हा तर पश्चिमेकडे उघडलेल्या चौकाचं कारणच लोकांच्या लक्षातून गेलं. कारण विसरलं की माणूस त्याला चूक म्हणू लागतो. माझ्या कामात हे पुन्हा पुन्हा दिसतं. अनेक जुन्या वाड्यांत, कचेऱ्यांत 'इथे उगाच भोक ठेवलंय' म्हणून बुजवलेली जागा उघडली की खालची खोली कोरडी होते.

बंदराकाठच्या इमारतीची देखभाल कशी असते हे तुम्ही विचारलेलं नाही, पण एवढं लिहून ते टाळलं तर मला चैन पडणार नाही. खारट हवेत दगड सहसा दगा देत नाही, निदान आपला बेसाल्ट नाही. दगा देतं ते आतलं लोखंड. त्या काळी दोन लोखंडी तुळयांमध्ये विटांच्या छोट्या कमानी बसवून जमिनी करत. लोखंड गंजलं की गंजाचा आकार मूळ लोखंडाच्या कितीतरी पट होतो, आणि तो शेजारच्या दगडाला किंवा विटेला आतून फोडतो. बाहेरून बारीक भेग दिसते, तोवर आत बरंच झालेलं असतं. दुसरा शत्रू म्हणजे सिमेंट. जुन्या दगडकामाच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्याने भरलेल्या असतात. चुना श्वास घेतो, भिंतीत शिरलेलं पाणी त्याच वाटेने बाहेर पडतं, सोबत मीठही. दर्जांत सिमेंट भरलं की ती वाट बंद होते. मग पाणी दगडातूनच बाहेर येऊ पाहतं आणि मीठ दगडाच्या पृष्ठाखाली साचून स्फटिक होतं.

काम सुरू करून पाचसहा वर्षं झाली होती तेव्हा फोर्टातल्या एका इमारतीत हे मी डोळ्यांनी पाहिलं. पावसाळा तोंडावर होता, मालकांना घाई होती, चुना मुरायला वेळ लागतो म्हणून त्यांनी सिमेंटचा हट्ट धरला. मी विरोध केला, पण पुरेसा केला नाही, आणि काम तसंच झालं. दोन पावसाळ्यांनंतर खिडक्यांवरच्या पोरबंदरी दगडाच्या नक्षीचे पापुद्रे हाताने निघत होते. एक पानाफुलांची पट्टी होती, शंभर वर्षं टिकलेली. तिच्यातलं एक फूल मी बोट लावताच माझ्या तळहातावर आलं. ते अजून माझ्या टेबलावर आहे. तेव्हापासून चुन्याच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

ताजच्या आयुष्यातला सर्वांत वाईट प्रसंग मात्र खारट हवेचा नव्हता. पहिल्या महायुद्धात या हॉटेलचं सहाशे खाटांचं रुग्णालय झालं होतं, ते त्याने निभावलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सुरू झालेला हल्ला २९ च्या सकाळी संपला तेव्हा ताजमध्ये ३१ जणांचे प्राण गेले होते. घुमटाखालून निघणाऱ्या ज्वाळा आपण सगळ्यांनी पाहिल्या. मी त्या रात्री घरी टीव्हीसमोर बसले होते आणि माणसांची काळजी करता करता मनात एक हिशेबही चालू होता, ज्याची मला नंतर लाज वाटली नाही: साधारण ५५० ते ६०० अंशांना लोखंडी तुळई निम्मी ताकद गमावते, वरची लाकडी कामं जळून खाली येतात, मग घुमट तग धरेल का? तो उभा राहिला. टॉवर महिन्याभरात, २१ डिसेंबरला उघडला. जुनी इमारत पूर्ववत होऊन उघडायला १५ ऑगस्ट २०१० उजाडला. मधले ते महिने सुतारांचे, गवंड्यांचे, काच बसवणाऱ्यांचे, पॉलिशवाल्यांचे होते. आज आत गेल्यावर जळकं काही दिसत नाही. चांगल्या दुरुस्तीची खूण हीच. एवढंच, की पाहताना ते हात आठवावेत.

आता आत काय पाहावं. आधी मागून सुरुवात करा. रीगल सिनेमापाशी उतरा आणि थेट गेटवेला न जाता कुलाबा कॉजवेने थोडं चालून ताजच्या पाठीमागच्या रस्त्याला वळा, पूर्वीच्या मेरवेदर रोडला. सुरक्षेमुळे फार जवळ जाता येणार नाही, पण इमारतीचे दोन्ही हात आपल्याकडे आलेले जाणवतील. जमशेटजींच्या पाहुण्यांनी पाहिलेलं 'समोर' ते. मग वळसा घालून बंदरावर या आणि मान वर करा. मधला मोठा लाल घुमट युरोपीय वळणाचा, इटलीतल्या फ्लोरेन्सची आठवण करून देणारा, कोपऱ्यांवरचे छोटे घुमट इस्लामी वळणाचे, आणि भिंतीतून पुढे आलेले सज्जे गुजराती झरोक्यांसारखे. इतकी भिन्न माणसं एका पंगतीला बसलीत आणि कुणीही परकं वाटत नाही. हे जमणं कठीण असतं. मुंबईत असे प्रयत्न बरेच झाले, ताजइतकं सहज फार थोड्यांना साधलं.

आत गेल्यावर जिना. राहणाऱ्या पाहुण्यांना वास्तू फिरवून दाखवण्याची सोय असते, ती चुकवू नका. घुमटाच्या खाली, मोकळ्या जागेत तो वर वर जातो आणि खाली एकही खांब दिसत नाही. अशा जिन्याचं तंत्र असं: पायरीचं एक टोक भिंतीत रोवलेलं, दुसरं मोकळं. बघणाऱ्याला वाटतं सगळा भार त्या रोवलेल्या टोकावर आहे. प्रत्यक्षात प्रत्येक पायरी खालच्या पायरीच्या कडेवर टेकलेली असते, भार पायरीपायरीने खाली उतरत जातो, आणि भिंतीचं काम मुख्यतः पायरीला गरगर फिरू न देणं हे असतं. सगळ्या एकमेकींना धरून उभ्या असतात. म्हणून असा जिना बांधताना आधाराचं लाकूड काढण्याचा दिवस मोठा धाकधुकीचा असतो. बाबांना गुडघ्याचा त्रास आहे असं तुम्ही लिहिलंय, तर त्यांना लिफ्टने वर न्या आणि वरून खाली पाहायला सांगा. जिना वरून जास्त चांगला कळतो.

राहायचं जमलं नाही किंवा बजेट बसलं नाही, तर जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर सी लाउंज आहे. तिथे खिडकीजवळ बसून चहा घेता येतो, टेबल आधी सांगून ठेवा. तळमजल्याचा हार्बर बार १९३३ सालचा. आईबाबांना त्यात रस नसेल तर सोडून द्या.

खोलीबद्दल. टॉवरमधल्या खोल्या उंच असल्याने देखावा मोठा, पण या दोघांसाठी मी जुनी इमारतच सांगेन, आणि बंदराकडचीच खोली. दर बराच जास्त असतो. जुन्या इमारतीतल्या शहराकडच्या किंवा तलावाकडच्या खोलीत पैसे वाचतील, पण मग वैद्यांनी ज्या कारणाने इमारत अशी ठेवली ते कारणच तुमच्या खिडकीत नसेल. एकदाच जायचंय, तर दोन रात्रींऐवजी एक रात्र करा, खोली बंदराकडची घ्या. सुट्ट्यांचे दिवस आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा, समोर इतकी गर्दी असते की खिडकीशी बसून शांत वाटत नाही. जानेवारी-फेब्रुवारीतला कामाचा वार बघा.

आणि आईबाबांना पहाटे उठवा. सूर्य पाण्यापलीकडून येतो, पण रोज एकाच जागेवरून येत नाही. डिसेंबरात तो उजवीकडे, उरणच्या बाजूला उगवतो. दिवस मोठे होत जातात तसा डावीकडे सरकत सरकत मे अखेरीस घारापुरीच्या अंगाला पोहोचतो. फेब्रुवारीत गेलात तर दोहोंच्या मध्ये, जरासा उरणकडे झुकलेला मिळेल. साडेसहाला पडदे उघडून ठेवा. त्या वेळी लाँचवाले बोटी धूत असतात, कबुतरं अजून उठायची असतात आणि मतलई वारा असलाच तर तेवढ्यापुरता समोरून येतो.